इंग्रजी शब्दाचं मूळ नेमकं कसं शोधायचं: ‘नाइस’ हातात घेऊन, पायरी पायरीने

न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. पॉश म्हणजे पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम. सॅलरी म्हणजे रोमन शिपायांना पगारात मिळणारं मीठ. हे फॉरवर्ड दर काही महिन्यांनी फिरून फिरून येतात, त्यावर धडाधड अंगठे पडतात, आणि मग कुणीतरी विचारतं की हे खरं का आणि खरं-खोटं बघायचं तरी कसं. बहुतेक लोक काय करतात, तर गूगलवर शब्द टाकतात, पहिली जी रंजक गोष्ट दिसेल ती उचलतात आणि मग तिला पुरावा शोधत बसतात. म्हणजे सुरुवातच उलट्या टोकाने. खरा क्रम असा: आधी तारीख, मग त्या तारखेचं स्पेलिंग, मग त्या वेळचा अर्थ, आणि गोष्ट असलीच तर सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की चुकलात म्हणून समजा.

खाली ‘नाइस’ हा एकच शब्द घेऊन सगळ्या पायऱ्या करून दाखवतो. शाळेतल्या निबंधात बाई लाल पेनने खोडायच्या तोच नाइस. दिसायला अगदी बिनडोक शब्द आहे, पण शिकायला त्याच्यासारखा दुसरा नाही, कारण त्याचा जुना अर्थच ‘बिनडोक’ असा होता.

## तयारी: आधी हे जमवा, मग शोधायला बसा

एक वही किंवा एक्सेलची शीट घ्या आणि पाच रकाने आखा: काळ, भाषा, रूप म्हणजे तेव्हाचं स्पेलिंग, अर्थ, आणि हे कुठून मिळालं. पाचवा रकाना लोक हमखास गाळतात, आणि मग आठवड्याने ‘हे मी कुठे वाचलं होतं बरं’ असं करत बसतात. तो रकाना रिकामा असेल तर ती ओळ नाहीच असं धरा.

मग ब्राउझरमध्ये चार टॅब उघडा. एटिमऑनलाइन, ही डग्लस हार्पर यांनी उभी केलेली फुकट साइट, सुरुवातीला हीच बरी. विक्शनरी, कारण तिथे एकाच शब्दाची वेगवेगळ्या भाषांतली रूपं पटकन दिसतात. मेरियम-वेबस्टर, पहिल्या वापराची तारीख ताडून बघायला. आणि ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, जिच्यात प्रत्येक अर्थाखाली तारखेसकट जुनी वाक्यं दिलेली असतात.

इथेच एक नेहमीचा घोळ. ‘मी ऑक्सफर्डमध्ये बघितलं’ असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण फोनमधली किंवा शाळेतली छोटी ऑक्सफर्ड बघून आलेले असतात. ती शिकणाऱ्यांसाठी आहे, तिच्यात इतिहास नसतो. मोठी म्हणजे जिची दुसरी आवृत्ती 1989 ला 20 खंडांत आली ती. ऑनलाइन ती पूर्ण बघायला पैसे पडतात, तेव्हा कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या लायब्ररीकडे सबस्क्रिप्शन आहे का ते विचारा, आणि ते नसेल तर तिच्या पहिल्या आवृत्तीचे जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत ते बघा. 1884 ते 1928 अशी ती हप्त्याहप्त्याने निघाली. जुनी असली तरी नाइससारख्या शब्दासाठी ती वाक्यं सोन्याच्या मोलाची आहेत.

आता डिक्शनरीतल्या खुणा वाचायला शिका, कारण निम्म्या चुका इथेच होतात.

तारखेला ‘14 सी’ लिहिलं असेल तर ते चौदावं शतक, म्हणजे 1301 ते 1400. 1400 ते 1499 नव्हे! हे इतक्या वेळा चुकतं की सांगता सोय नाही, आणि शंभर वर्षं इकडची तिकडे झाली की पुढचा सगळा हिशोब बोंबलतो. तारखेआधी एकटाच बारीक ‘सी’ आणि टिंब असेल तर त्याचा अर्थ ‘च्या सुमारास’. ‘1590’ला शेवटी एस लावलेला असेल तर ते अख्खं दशक. शब्दाच्या आधी चांदणी असेल तर तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, भाषातज्ज्ञांनी नियमांवरून तो बांधलाय. चांदणीवाला शब्द चुकीचा असतोच असं नाही, पण तो ‘सापडला’ असं लिहायचं नाही.

तपासा: पाच रकाने आखले? चौदावं शतक म्हणजे कोणती वर्षं ते न अडखळता सांगता येतंय? मग पुढे चला.

## पायरी 1: शब्द नेमका कोणता ते ठरवा

हे वेडगळ वाटेल, पण एकाच स्पेलिंगखाली दोन-तीन वेगळे शब्द दडलेले असतात. नदीचा बँक आणि पैशाची बँक डिक्शनरीत वेगवेगळ्या नोंदी आहेत. बेअर म्हणजे अस्वल आणि बेअर म्हणजे सोसणं, यांचा तर एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तेव्हा शब्दासमोर तो नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण आहे ते लिहा, आणि तुम्हाला हवा तो अर्थ मराठीत एका ओळीत लिहा.

नाइसला तर खासच खड्डा आहे. फ्रान्समधलं नीस शहर, तेही एन-आय-सी-ई. फरक फक्त पहिल्या कॅपिटल अक्षराचा. त्या शहराचं नाव ग्रीक निकाइयावरून आलंय आणि त्याच्या मागे नीके, म्हणजे विजय, हा शब्द आहे. त्याचा आपल्या विशेषणाशी संबंध नाही. पण लोक दोन्ही नोंदी एकत्र करून ‘नाइस म्हणजे मुळात विजय’ असं ठोकून देतात. ऐकायला छान, पण साफ चूक.

आपली नोंद अशी: नाइस, विशेषण, आजचा अर्थ छान, चांगला, भला.

## पायरी 2: आजचे सगळे अर्थ काढा, विचित्र वाटतात ते आधी

मुख्य अर्थ सगळ्यांनाच माहीत असतो, त्यावर वेळ घालवू नका. शोधायचे ते कोपऱ्यात पडलेले वापर, जिथे आजचा अर्थ नीट बसत नाही. कारण जुना अर्थ मरतो तेव्हा तो एखाद्या ठरीव वाक्प्रचारात अडकून मागे राहतो.

इंग्रजीत ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात, तेव्हा फरक ‘छान’ आहे असं म्हणायचं नसतं, फरक अतिशय सूक्ष्म आहे असं म्हणायचं असतं. वकिलांच्या तोंडी ‘अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’ येतो तोही तसाच, बारकाव्याचा मुद्दा. म्हणजे कधीतरी नाइसचा अर्थ ‘नेमका, काटेकोर, बारीक’ असा असणार. हा अंदाज वहीत लिहून ठेवा, पण अजून त्याला पुरावा म्हणू नका. पुरावा पाचव्या पायरीला मिळेल.

## पायरी 3: पहिली नोंद शोधा

आता एटिमऑनलाइन उघडा. नाइस इंग्रजीत पहिल्यांदा दिसतो तो तेराव्या शतकाच्या शेवटी, म्हणजे 1300 च्या थोडा अलीकडे-पलीकडे. अर्थ: मूर्ख, अडाणी, पोचट. ही पहिली ओळ वहीत टाका.

सावधान: पहिली नोंद म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. माणसं तो शब्द आधीपासून बोलत असतील, फक्त कुणी लिहिला नसेल किंवा लिहिलेला कागद टिकला नसेल. म्हणून ‘हा शब्द 1300 साली तयार झाला’ असं कधीच लिहू नका, ‘1300 च्या सुमारास लिखाणात दिसतो’ असं लिहा. फरक बारीक वाटतो, पण निम्मी भांडणं यावरूनच होतात.

दुसरी गोष्ट, गूगल बुक्सवर तारीख लावून शोधत असाल तर बाजूला दिसणाऱ्या वर्षावर आंधळा विश्वास टाकू नका. मासिकांच्या बाबतीत तिथे कधी कधी पहिल्या अंकाचं वर्ष सगळ्या अंकांना चिकटलेलं असतं, आणि पुनर्मुद्रणांचा गोंधळ तर विचारूच नका. स्कॅन उघडा, मुखपृष्ठानंतरचं पान बघा, वर्ष तिथून घ्या. आणि तेही शेवटचं सत्य नाही बरं का. जेन ऑस्टिनच्या नॉर्थँगर ॲबीवर 1818 छापलंय, बाजारात ती 1817 च्या डिसेंबरातच आली होती, आणि तिचा पहिला खर्डा त्याच्याही बराच आधीचा. त्यात हेन्री टिल्नी हे पात्र कॅथरिनची या नाइस शब्दावरूनच खिल्ली उडवतं, की हल्ली काहीही असो, सगळ्याला नाइसच! आता हे वाक्य वहीत कोणत्या वर्षाखाली घालणार? मी छापल्याचं वर्ष लिहितो आणि शेजारी ‘लिखाण आधीचं’ अशी टीप टाकतो.

## पायरी 4: मागे जा, पण एक एक कडी धरून

या पायरीला लोक उडी मारतात. इंग्रजीवरून थेट लॅटिन, नाहीतर थेट संस्कृत. मधल्या कड्या गाळल्या की साखळी साखळी राहत नाही. प्रत्येक कडीला तीन प्रश्न विचारा: त्या भाषेत हा शब्द खरंच होता का, तिथे अर्थ काय होता, आणि त्या काळात तो पुढच्या भाषेत जायला वाट होती का.

नाइसची साखळी अशी उलटी चढते. इंग्रजीत तो आला जुन्या फ्रेंचमधून, तिथेही स्पेलिंग हेच आणि अर्थ मूर्ख, भोळसट. फ्रेंचमध्ये आला लॅटिन नेस्कियुसवरून, म्हणजे अजाण, ज्याला माहीत नाही असा. आणि नेस्कियुसचे दोन तुकडे पडतात: ‘ने’ म्हणजे नाही, आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणं.

आता वाट तपासा. 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार, कोर्ट-कचेरी, सरदार घराणी सगळीकडे फ्रेंच चालायची. त्या काळात फ्रेंच शब्द ढिगाने इंग्रजीत शिरले. आपला शब्द 1300 च्या सुमारास दिसतो, म्हणजे काळ आणि वाट दोन्ही जुळतात. समजा हाच शब्द इंग्रजीत 900 साली सापडला असता, तर फ्रेंचमधून आला म्हणताना दहा वेळा विचार करावा लागला असता.

तपासा: प्रत्येक कडीसमोर भाषा, रूप, अर्थ, काळ चारही आहेत ना? एखादा रकाना रिकामा असेल तर तिथेच थांबा. अंदाजाने भरू नका, प्रश्नचिन्ह टाका.

## पायरी 5: आता उलटं फिरा आणि अर्थ पुढे चालत आणा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि जवळजवळ कुणीच करत नाही. मूळ सापडलं की लोकांना वाटतं काम झालं. अहो पण मूळ अर्थ ‘अडाणी’ आणि आजचा अर्थ ‘छान’, मधलं सातशे वर्षांचं अंतर कोण भरणार? लाकडी जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाय टेकून बघावा लागतो, तसा प्रत्येक अर्थ वाक्यात टेकून बघायचा.

नाइसचा जिना ढोबळ असा. आधी मूर्ख, अडाणी. जवळपास त्याच काळात भित्रा, बुजरा. चौदाव्या शतकाच्या शेवटी चोखंदळ, नखरेल, ज्याला काही पटकन पसंत पडत नाही असा. 1400 च्या सुमारास नाजूक. सोळाव्या शतकात नेमका, काटेकोर, आणि दुसऱ्या पायरीतला आपला ‘नाइस डिस्टिंक्शन’ इथलाच. 1769 च्या आसपास छान, सुखद. आणि 1830 च्या सुमारास माणसाबद्दल: प्रेमळ, भला.

असा बघितला तर प्रवास वेडावाकडा वाटतो, पण दोन शेजारच्या पायऱ्या घ्या, अंतर फार नाही. भित्रा माणूस बिचकतो, बिचकणारा खाण्यापिण्यात कुरकुर करतो, कुरकुर करणारा चोखंदळ ठरतो, चोखंदळाला नाजूक गोष्ट लागते, नाजूक गोष्टीला बारकाई लागते, आणि बारकाईने केलेली गोष्ट छान असते. पण हे जोडकाम मी करतोय हं, डिक्शनरी नाही. मोठी ऑक्सफर्ड स्वतःच सांगते की हे इतके वेगळे अर्थ नेमके कसकसे फुटत गेले ते पूर्ण स्पष्ट नाही, आणि सोळाव्या-सतराव्या शतकातल्या बऱ्याच वाक्यांत लेखकाला कोणता अर्थ अभिप्रेत होता ते सांगणं अवघड आहे. म्हणून वहीत तारखा शाईने लिहा आणि असले दुवे पेन्सिलने.

सावधान: जुन्या वाक्यात आजचा अर्थ घुसवू नका. शेक्सपियरच्या रोमिओ अँड ज्युलिएटमध्ये, तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात, मारामारीनंतर बेनव्होलिओ सांगतो की भांडण किती ‘नाइस’ होतं याचा विचार कर असं रोमिओने समोरच्याला म्हटलं होतं. छान भांडण? नाही. इथे नाइस म्हणजे क्षुल्लक, फालतू. भाषांतर करणारा घाईत असेल तर इथे तोंडघशी पडतो.

शब्दाचा अर्थ इतका उलटा होतो यावर विश्वास बसत नसेल तर घरातलं बघा. साहस हा शब्द जुन्या धर्मशास्त्रात जोरजबरदस्तीच्या गुन्ह्यांसाठी यायचा, मारहाण, लुटालूट वगैरे. आज आपण मुलांना साहस शिबिराला पाठवतो.

## पायरी 6: इंग्रजीतलेच नातेवाईक शोधा

साखळी बरोबर आहे का ते तपासायचा हा चांगला उपाय. लॅटिन स्किरे इंग्रजीत आणखी कुठे दिसतं? सायन्स, कॉन्शन्स, कॉन्शस, तिन्ही त्याच घरातले. म्हणजे सायन्स आणि नाइस चुलत भावंडं, एक जाणणारं आणि एक न जाणणारं. ही माहिती ग्रुपवर टाकायला हरकत नाही, हिला पुरावा आहे.

याच्याही मागे गेलात तर स्किरेचा मूळ अर्थ ‘एकापासून दुसरं वेगळं करणं’ असा असावा आणि तो कापणं-चिरणं या अर्थाच्या फार जुन्या धातूपर्यंत जात असावा असं मानतात. त्याच घराण्यात आपले छेद आणि छिद्र येतात. ‘असावा’ हा शब्द दोनदा आला बघा, तो वहीतही तसाच यायला हवा. इथे चांदणीचा प्रदेश सुरू होतो.

## पायरी 7: मराठी-संस्कृत साम्याची परीक्षा

आता आपल्या लोकांची लाडकी जागा. इंग्रजी शब्द मराठीसारखा वाटला की ‘हा आपलाच’. थांबा. तीन वेगळ्या शक्यता असतात आणि तिन्हींची परीक्षा वेगळी.

पहिली, दोघांचा पूर्वज एक. मदर-मातृ, फादर-पितृ हे असे. इथे इंग्रजीने संस्कृतकडून घेतलं नाही, दोघांकडे जुन्या एकाच घरातून आलं. यात आवाज ठरलेल्या पद्धतीने बदललेले असतात: आपल्याकडे प तिथे इंग्रजीत फ, जसं पितृ-फादर, पाद-फूट, पंच-फाइव्ह. आपल्याकडे द तिथे इंग्रजीत ट, जसं दश-टेन, द्वि-टू, दंत-टूथ. म्हणजे गंमत बघा, इंग्रजीतला अस्सल जुना शब्द आणि आपला शब्द हुबेहूब सारखा वाटला तर आनंद नको, संशय वाढायला हवा. हजारो वर्षांत आवाज बदलले नाहीत असं कसं होईल?

दुसरी शक्यता, निव्वळ योगायोग. याचं ठळक उदाहरण इंग्रजी ‘बॅड’ आणि फारसी ‘बद’, आपल्या बदनाम-बदफैलीतला. अर्थ एक, आवाज जवळजवळ एक, आणि नातं शून्य. फारसी शब्दाचं जुनं रूप ‘वद’ असं, ते मागे जाताना इंग्रजीपासून लांबच जात राहतं. म्हणून नियम हा की आजची रूपं कधीच ताडू नका, दोन्हीकडची सगळ्यात जुनी रूपं ताडा.

तिसरी, खरीखुरी उसनवारी. लूट शब्द इंग्रजांनी इथूनच उचलला, वस्तूंसकट. मुंगूस आपला अभिमानाचा: मंगूज सतराव्या शतकाच्या शेवटाकडे इंग्रजी लिखाणात दिसतो, पोर्तुगीज आणि इंग्रज किनाऱ्यावर व्यापार करत होते तो काळ, आणि डिक्शनऱ्या मराठीचं नाव घेतात. पुढे कन्नड-तेलुगूतही तसेच शब्द आहेत, तेव्हा मराठीने तो दक्षिणेकडून घेतला असणार असंही म्हणतात, तेही लिहा, लपवू नका. बाय द वे, त्याचा गूजशी, म्हणजे हंसाच्या जातीतल्या त्या पक्ष्याशी संबंध नाही, म्हणून अनेकवचन मंगूजेस होतं, मंगीज नाही.

आता अवघड केस: टँक. आपलं टाकं, गडांवरची पाण्याची टाकी, आणि इंग्रजी टँक. इंग्रजीत तो सतराव्या शतकात येतो, भारतातले तलाव आणि पाण्याचे साठे या अर्थाने, तिथपर्यंत आपली बाजू भक्कम. पण पोर्तुगीजमध्येही ‘तांक’ आहे आणि त्याचा अर्थही पाण्याचा साठा, आणि तो लॅटिनमधून, पाणी अडवणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला असं एक मत आहे. मग आपलं टाकं पोर्तुगीजांकडून आलं, की पोर्तुगीजांनी इथून नेलं, की दोन वेगळे शब्द भेटून एक झाले? तज्ज्ञांचं एकमत नाही. लोक म्हणतात, गडांवरची टाकी तर कितीतरी जुनी, पोर्तुगीज यायच्या आधीची! बरोबर आहे, पण वस्तू जुनी म्हणजे तिचं नाव जुनं असं होत नाही. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत याच पाण्याच्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. तेव्हा टाकं शब्दाची बाजू लढवायची तर पोर्तुगीज येण्याआधीच्या, म्हणजे 1498 च्या आधीच्या लिखाणात तो दाखवावा लागेल. दगडातलं टाकं दाखवून चालणार नाही.

आणि लढाईतला रणगाडा हा टँकचा अर्थ अगदी नवा, पहिल्या महायुद्धातला. गाडीचं काम गुप्त ठेवायचं म्हणून पाण्याची टाकी वाटेल असं नाव दिलं, सप्टेंबर 1916 मध्ये सोमच्या लढाईत ती पहिल्यांदा उतरली. पाचव्या पायरीत याला वेगळी ओळ.

या पायरीला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ठेवा, 1831 चा, दुसरी आवृत्ती 1857 ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो. आणि अँग्लो-इंडियन, म्हणजे भारतातल्या इंग्रजांच्या तोंडी रुळलेल्या शब्दांसाठी 1886 चा हॉब्सन-जॉब्सन हा कोश, त्यात जुनी वाक्यं तारखेसकट आहेत. त्यातली वाक्यं वापरा, त्यातली मतं मात्र जरा जपून.

## पायरी 8: गोष्टीची झडती

आत्ता, इतकं सगळं झाल्यावर, फॉरवर्डमधली गोष्ट उघडा.

आद्याक्षरांची गोष्ट असेल तर आधी शब्दाची तारीख बघा. आद्याक्षरं जोडून उच्चारता येईल असा शब्द बनवायची फॅशन विसाव्या शतकातली, त्याआधी ती फार क्वचित. न्यूज तर चौदाव्या शतकाच्या शेवटापासून आहे, ‘न्यू’चं अनेकवचन, नव्या गोष्टी, फ्रेंच ‘नुव्हेल’च्या धर्तीवर. आणि जुन्या लिखाणात त्याचं स्पेलिंग मध्ये ई घालून, कधी आय घालून, वाटेल तसं येतं. तो जादाचा ई किंवा आय कुठली दिशा झाली? म्हणूनच वहीत रूपाचा रकाना आहे.

पॉशची गोष्ट आपल्या मुंबईला जोडलेली, म्हणून जास्त चालते. पी अँड ओ कंपनीच्या बोटीतून भारतात येताना डावीकडची (पोर्ट) आणि परत जाताना उजवीकडची (स्टारबोर्ड) केबिन सावलीची, श्रीमंत लोक ती घ्यायचे आणि तिकिटावर ती चार अक्षरं मारलेली असायची. उन्हाचं गणित पटतं. पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि रुबाबदार या अर्थाने शब्द 1914 च्या सुमाराला दिसायला लागतो. मूळ अनिश्चित. वहीत एवढंच लिहायचं, बाकीचं खोडायचं.

पण म्हणून आद्याक्षरं म्हणजे खोटंच असंही धरून बसू नका. ओके खरोखर आद्याक्षरांचा आहे. 23 मार्च 1839 च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये तो ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून (ए ऐवजी ओ, सी ऐवजी के), त्याची आद्याक्षरं म्हणून आलाय, तेव्हा तिकडे तसा विनोद चालायचा. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने 1960 च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं उपसून ते दाखवलं. फरक कशात आहे? तारीख, वर्तमानपत्र आणि वाक्य, तिन्ही दाखवता येतात.

सॅलरी मधली केस. लॅटिन सालारियुम आणि मीठ म्हणजे साल, हे नातं खरं. पण शिपायांना पगार मिठात मिळायचा असं सांगणारा प्राचीन रोमन पुरावा नाही. म्हणजे शब्दाचं मूळ बरोबर, वरची गोष्ट निराधार. असे अर्धवट खरे फॉरवर्ड सगळ्यात चिवट.

सावधान: चॅटबॉटला विचारलंत तर तो जुनं वाक्य, वर्ष आणि लेखक सगळं आत्मविश्वासाने देतो. ते वाक्य स्कॅनमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत घेऊ नका.

## पायरी 9: लिहून काढा, खात्रीच्या तीन पातळ्या लावून

प्रत्येक विधानापुढे ‘खात्री’, ‘बहुतेक’ किंवा ‘अनिश्चित’ यातलं एक लिहा. नाइसची नोंद अशी दिसेल:

नाइस, विशेषण. इंग्रजी लिखाणात तेराव्या शतकाच्या शेवटी, अर्थ मूर्ख, अडाणी: खात्री. जुन्या फ्रेंचमधून, तिथे लॅटिन नेस्कियुसवरून: खात्री. चोखंदळ, नाजूक, काटेकोर हे मधले अर्थ: खात्री, पण एकातून दुसरा नेमका कसा निघाला ते अनिश्चित. सुखद, छान हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात: खात्री. सायन्सशी नातं: खात्री. छेद-छिद्राशी लांबचं नातं: बहुतेक. नीस शहराशी संबंध: नाही.

एवढंच. हे फॉरवर्डपेक्षा कमी चटकदार आहे, मान्य. पण कुणी ‘कशावरून?’ विचारलं तर पाचवा रकाना उघडून दाखवता येतो.

## सरावासाठी पुढचा शब्द

‘सिली’ घ्या. तो नाइसच्या बरोबर उलटा चाललेला आहे: जुन्या इंग्रजीत सुखी, धन्य, मग निरागस, मग बिचारा, मग दुबळा, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे मूर्ख. जर्मनमधला ‘झेलिग’ अजून धन्य याच अर्थाने जिवंत आहे, सहाव्या पायरीला तो उपयोगी पडेल.

यात एक खड्डा आधीच सांगून ठेवतो. 1800 च्या आधीच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा एस लांबुडका, जवळजवळ एफसारखा छापायचे, आणि स्कॅन वाचणारं कॉम्प्युटर त्याला एफ समजतं. त्यामुळे गूगलच्या एनग्रॅम ग्राफमध्ये, म्हणजे छापील पुस्तकांत एखादा शब्द कोणत्या वर्षी किती येतो ते दाखवणाऱ्या ग्राफमध्ये, सिलीची रेघ 1800 च्या आसपास एकदम उसळलेली दिसली तर लोक अचानक मूर्ख झाले असं समजू नका. त्याआधीचे बरेचसे सिली तिथे ‘फिली’ म्हणून, म्हणजे मादी शिंगरू म्हणून जमा झालेले असतील. दोन्ही शब्द एकाच ग्राफवर टाका, एक रेघ कुठे खाली येते आणि दुसरी कुठे वर चढते ते बघा, आणि 1800 च्या आधीचं काहीही मोजायचं असेल तर ग्राफ सोडून सरळ स्कॅन उघडा.